आधी उलटून पाहा: फंजिया या एकल दगडी प्रवाळाची रचना आणि वर्गीकरण, पायरी पायरीने

सुकलेला प्रवाळ हातात आला की आपण त्याची वरची बाजू न्याहाळत बसतो. फंजियाच्या बाबतीत तर हे हमखास होतं. मधल्या खाचेपासून कडेपर्यंत पसरलेल्या शेकडो पातळ पात्या हुबेहूब अळंबीच्या छत्रीखालच्या पात्यांसारख्या दिसतात, आणि नावही त्यावरूनच पडलं आहे. फरक इतकाच की अळंबीत या पात्या खाली असतात आणि इथे वर. ओळख पटवायची असेल तर मात्र चकती आधी उलटी करायला हवी. शिकत असताना मी वरची बाजू पाहून नाव लिहायचो, आणि खालची बाजू पाहिल्यावर बहुतेक वेळा ते खोडावं लागायचं.

इथे आपण एकच जाती (स्पीशीज) धरून चालू: फंजिया फंजायटिस. लाल समुद्र आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मध्य पॅसिफिकपर्यंत, उथळ प्रवाळभित्तींवर आणि त्यांच्या पायथ्याच्या तुकड्या-वाळूत ती आढळते. चकती साधारण गोल असते आणि मोठे नमुने २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जातात. ही संपूर्ण चकती म्हणजे एकच पॉलिप, एकच तोंड असलेला एकच प्राणी. वसाहत करणाऱ्या प्रवाळांत एकेक पॉलिप बहुधा काही मिलिमीटरचा असतो आणि त्याचे पडदे, म्हणजे याच पात्या, मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो. फंजियात तेच सगळं उघड्या डोळ्यांना दिसतं. प्रवाळाची शरीररचना शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

तयारी

जिवंत प्रवाळ उचलून आणू नका. संग्रहालयातले, महाविद्यालयाच्या कपाटातले जुने सांगाडे अभ्यासाला पुरतात. साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये जीवाश्म सोडून सगळेच दगडी प्रवाळ येतात, त्यामुळे मृत सांगाडा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा तरी परवानगीचे कागद लागतात.

टेबलावर दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, मऊ टूथब्रश, काळं कापड, वळवता येणारा दिवा आणि वही एवढं ठेवा. दिवा डोक्यावर नको. तो बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणा. तिरप्या उजेडात प्रत्येक दात आणि काटा स्वतःची सावली टाकतो. वरून पडणाऱ्या पांढऱ्या उजेडात तोच सांगाडा सपाट, पांढराफटक दिसतो.

सांगाड्यावर शेवाळ किंवा सुकलेल्या मांसल भागाचा थर असेल तर पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यात भिजवा, मग साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून धुवा आणि सावलीत वाळवा. व्हिनेगर, लिंबू किंवा कोणतंही आम्ल अजिबात वापरू नका. सांगाडा ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा असतो. आम्लात तो विरघळतो, आणि सगळ्यात आधी विरघळतात ते बारीक दाणे आणि दातांची टोकं, म्हणजे ज्यांच्यावरून जात ओळखायची नेमकी तीच अंगं. शिवाय ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

पायरी १: हे खरंच एकल आहे का?

मधली खाच शोधा. फंजियात ती एकच असते, लांबट, आणि तिच्या तळाशी मध्यस्तंभ असतो. या मध्यस्तंभाला कोलुमेला म्हणतात. फंजियात तो ठसठशीत नसतो, गुंतलेल्या बारीक दांड्यांची जाळी असावी तसा असतो. खाच तोंडाची जागा दाखवते. खाच एक म्हणजे तोंड एक, आणि तोंड एक म्हणजे प्राणी एकल.

हे वाटतं तितकं सोपं नाही. फंजियाच्याच कुलातली क्टेनॅक्टिस ही लांबट प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) घ्या. तिच्यातल्या क्टेनॅक्टिस एकिनाटाला सहसा एकच तोंड असतं, तर क्टेनॅक्टिस क्रासामध्ये त्याच मधल्या चरीत अनेक तोंडं असतात. बाहेरून दोघी बहिणी वाटतात. त्यामुळे चरीच्या टोकापासून टोकापर्यंत भिंग फिरवा, आणि पात्या एकाच केंद्राकडे वळतात की वाटेत आणखी केंद्रं आहेत ते पाहा.

पायरी २: उलटी करा

पुढे जाण्याआधी डोळ्यांसमोर एक चित्र उभं करा. साध्या एकल प्रवाळाचा सांगाडा पेल्यासारखा असतो: बाहेर भिंत, आत उभे पडदे. आता हा पेला इतका पसरट झाला आहे असं समजा की त्याची भिंत आडवी होऊन तळच बनली. फंजिया म्हणजे हाच पसरलेला पेला. चकतीची खालची बाजू ही मुळातली बाहेरची भिंत, आणि वरची बाजू हा पेल्याचा उघडा पडलेला आतला भाग. हे एकदा मनात बसलं की बाकीच्या सगळ्या संज्ञा आपोआप जागेवर येतात.

खालच्या बाजूला तीन गोष्टी याच क्रमाने पाहा.

पहिली, मधला व्रण. फंजिया जन्मापासून मोकळा नसतो. डिंभ (प्रवाळाची अळी) एखाद्या कठीण पृष्ठावर चिकटतो, देठावर छोटा पेला वाढतो, पेल्याचं वरचं टोक पसरून चकती होतं. मग चकतीच्या खालच्या सांध्यातला सांगाडा विरघळत कमकुवत होतो, चकती सुटते आणि मोकळी होते. मागे राहिलेला देठ पुन्हा नवी चकती धरू शकतो. लहान नमुन्यात हा व्रण स्पष्ट गोल दिसतो. वाढत्या वयात त्याच्यावर कॅल्शियम कार्बोनेट साचत जातं, आणि मोठ्या चकतीत तो शोधावाच लागतो. व्रण दिसतो की नाही आणि किती मिलिमीटरचा आहे, ते लिहून ठेवा.

दुसरी, भिंत भरीव आहे की भोकं-चिरांची. चकती दिव्यासमोर धरा. जुन्या अर्थाने ज्यांना सरसकट फंजिया म्हणत, त्या मोठ्या चकत्यांमध्ये भिंतीत खड्डे किंवा आरपार चिरा असतात. सायक्लोसेरिस या जवळच्या प्रजातीत भिंत भरीव असते आणि चकत्या बहुतेक लहान असतात. लहान चकती हातात असेल तर या एका खुणेने बराच वेळ वाचतो.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे बरगड्या आणि त्यांवरचे काटे. वरचा प्रत्येक पडदा भिंतीच्या बाहेरही उमटतो. त्या बाहेरच्या रेघेला कॉस्टा म्हणतात, आपण बरगडी म्हणू. फंजिया फंजायटिसच्या बरगड्यांवर शंकूच्या आकाराचे, टोकदार आणि गुळगुळीत काटे असतात. गुळगुळीत हा शब्द अधोरेखित करून ठेवा. भिंगाखाली काट्याच्या अंगावर बारीक दाणे दिसले, काटा बोथट असला किंवा टोकाला फाटे फुटलेले असले, तर तुमच्या हातात बहुधा दुसरीच जाती आहे. काटे मध्यापाशी झिजलेले असतात, कारण चकती तिथेच टेकते. म्हणून मध्य आणि कड यांच्या दरम्यानचा पट्टा पाहा आणि निदान दहा काटे तपासा. एकाच काट्यावरून निर्णय घेऊ नका.

पायरी ३: मापं

एकमेकांना काटकोनात दोन व्यास, मध्याची आणि कडेची जाडी, तोंडाच्या खाचेची लांबी. वरचा भाग सपाट आहे की मधोमध कमानीसारखा उचललेला, तेही लिहा. मापं नोंदीसाठी हवीत, ओळखीसाठी त्यांच्यावर फार विसंबू नका. एकाच जातीत सपाट आणि कमानदार, गोल आणि किंचित लंबगोल अशा सगळ्या चकत्या सापडतात.

पायरी ४: पडदे मोजणं

आता सरळ करा. वरच्या पात्यांना सेप्टा म्हणतात. दगडी प्रवाळांचा हिशोब सहाचा. पहिल्या चक्रात ६ पडदे, ते मध्यापर्यंत पोचतात. त्यांच्या मधल्या जागांत दुसऱ्या चक्राचे ६. मग प्रत्येक रिकाम्या जागेत एकेक, म्हणजे तिसऱ्या चक्राचे १२, चौथ्याचे २४, पाचव्याचे ४८, सहाव्याचे ९६. सहा चक्रं पूर्ण झाली की बेरीज १९२ होते. जितकं चक्र पुढचं, तितका पडदा उशिरा जन्मलेला, आखूड आणि बहुधा पातळ.

सगळी चकती मोजत बसू नका. मध्यापर्यंत गेलेले दोन शेजारचे पहिल्या चक्राचे पडदे शोधा, त्यांच्यावर रंगीत दोऱ्याचे तुकडे ठेवा आणि त्या सहाव्या हिश्शातले पडदे मोजा. मग आणखी एक हिस्सा मोजा. आकडे जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. मोठ्या चकतीत, आणि जिथे इजा होऊन भरून आलेलं असतं तिथे, सहाचा नेम हमखास बिघडतो. म्हणूनच पहिली काही चक्रं पाहण्यासाठी लहान नमुना हाताशी असावा.

या मोजणीचं मोल जीवाश्म पाहताना कळतं. पुराजीव महाकल्पातले रुगोसा हे शिंगासारखे एकल प्रवाळ वरवर पाहता तसेच वाटतात, पण त्यांचे नवे पडदे चारच जागांत भर घालत वाढतात आणि सांगाडा कॅल्साइटचा असतो. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या शेवटी ते नामशेष झाले. आजच्या दगडी प्रवाळांचे सांगाडे त्यानंतर, मध्य ट्रायासिकपासून खडकांत दिसू लागतात.

पायरी ५: दात, दाणे आणि जोडकाड्या

पडद्याची वरची धार तिरप्या उजेडात पाहा. फंजिया फंजायटिसचे दात त्रिकोणी आणि टोकदार असतात, करवतीच्या पात्यासारखे. पट्टी ठेवून एका सेंटिमीटरमध्ये किती दात येतात ते मोजा. पहिल्या चक्राच्या पडद्यांवर वेगळं आणि शेवटच्या चक्राच्या पडद्यांवर वेगळं मोजा, कारण दोन्हींचे दात सारखे नसतात.

काही पडद्यांवर तोंडाच्या बाजूच्या टोकाला एक फुगीर उंचवटा दिसतो. आखूड पडदा जिथे सुरू होतो नेमक्या तिथेच तो असतो, आणि जिवंतपणी त्याच्यावर एक संस्पर्शक, म्हणजे तोंडाभोवतीची मऊ शुंडिका, उभा असतो. त्याला संस्पर्शक-खंड म्हणता येईल. वाळलेल्या सांगाड्यात मऊ शरीराची इतकी नेमकी खूण दुसरीकडे क्वचितच मिळते. मला या उंचवट्यांचं अजूनही अप्रूप वाटतं.

तुटलेला नमुना मिळाला तर तो टाकू नका, उलट जपा. तुटलेल्या कडेवर दोन पडद्यांना जोडणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्यांना सिनॅप्टिक्युला म्हणतात. फंजियाच्या कुलात त्या साध्या काड्या न राहता एकमेकींत मिसळून उभ्या टेकूंसारख्या होतात. हे संयुक्त टेकू ही या कुलाची मुख्य खूण आहे. अखंड नमुन्यातही दोन पडद्यांच्या फटीत प्रकाशझोत सोडून भिंगाने खोल पाहिलं तर ते दिसतात.

पायरी ६: सांगाड्यावर शरीर चढवा

इथे वहीत उभा छेद काढा. प्रवाळाचा सांगाडा शरीराच्या आत नसतो. शरीराच्या तळाची कातडी तो आपल्या खाली रचत जाते. पडदे खालून वर ढकलले जातात आणि कातडी त्यांच्यावर घडी होऊन बसते. म्हणून सगळ्यात वर तोंड असलेली तबकडी, तिच्यावर आखूड, विरळ पसरलेले संस्पर्शक (फंजियात ते मुख्यतः रात्री बाहेर येतात), तोंडाखाली आखूड घसा आणि त्याखाली एकच पोकळी काढा. या पोकळीला मांसल आडपडदे विभागतात, त्यांना मेसेंटरी म्हणतात. दगडी पडदे आणि मांसल आडपडदे आलटून पालटून येतात. विद्यार्थी या दोहोंची सतत गल्लत करतात, म्हणून एक पेन्सिलीने आणि दुसरा रंगाने काढा.

मेसेंटरी जोडीजोडीने असतात. जोडीतल्या दोन आडपडद्यांवरचे आखडणारे स्नायू एकमेकांकडे तोंड करून असतात. तोंडाच्या दोन टोकांशी असलेल्या दिशादर्शक जोड्यांत मात्र ते एकमेकांकडे पाठ करून असतात. मेसेंटरीच्या मोकळ्या कडेला दंशपेशी आणि पाचकपेशींनी भरलेला धागा असतो. सावज पचवायला प्रवाळ हा धागा तोंडाबाहेरही काढू शकतो. फंजियाच्या नात्यातल्या डानाफंजिया स्क्रुपोझा या जातीने लाल समुद्रात अख्खे चंद्रजेली (एक जेलीफिश) गिळल्याची निरीक्षणं २००९ साली प्रसिद्ध झाली. एवढ्या मोठ्या चकतीला एकच तोंड असण्याचा अर्थ त्यातून कळतो. बाकी अन्न पेशींत राहणारी झूझँथेली शैवलं पुरवतात. चकतीचा तपकिरी-हिरवट रंगही बराचसा त्यांच्यामुळेच येतो. रंगावरून जात ठरवू नये याचं एक कारण हेच.

मोकळ्या फंजियात मांसल थर खालच्या बाजूलाही असतो. वाळू अंगावर पडली तर प्राणी फुगून आणि केसतंतूंनी ती झटकतो. लहान चकती पालथी झाली तर फुगून उलटूही शकते. मेलेल्या दिसणाऱ्या चकतीवर मांसल भागाचा लहानसा अंश टिकून असेल तर त्यातून नवी पिल्लं फुटतात. अशी देठावरची छोटी पिल्लं चिकटलेली चकती वसाहत समजून बाजूला ठेवू नका.

पायरी ७: वर्गीकरणाची उतरंड

आता प्रत्येक पातळीला आपण पाहिलेली एक खूण बांधू. खूण न बांधता पाठ केलेली उतरंड दोन दिवसांत विसरते.

दंशपेशी आहेत, म्हणून संघ निडारिया. आयुष्यात छत्रीसारखी जेलीफिशची अवस्था नाही, फक्त पॉलिप आहे, म्हणून ॲन्थोझोआ. मेसेंटरी आणि पडदे सहाच्या पटीत, म्हणून हेक्झाकोरॅलिया. पातळ्यांच्या नावात इथे गोंधळ होतो. जुन्या पुस्तकांत ॲन्थोझोआ हा वर्ग आणि हेक्झाकोरॅलिया हा उपवर्ग असतो, तर २०२२ नंतरच्या मांडणीत हेक्झाकोरॅलिया हाच वर्ग आणि ॲन्थोझोआ उपसंघ. दोन्ही वाचायला मिळतील, तुम्ही कोणती मांडणी वापरता ते वहीत लिहा. ॲरागोनाइटचा घट्ट बाह्य सांगाडा, म्हणून गण स्क्लेरॅक्टिनिया. पडद्यांमधले संयुक्त टेकू, म्हणून कुल फंजिइडी, ज्याला डेना यांनी १८४६ मध्ये नाव दिलं.

इथून पुढे वाट रंजक होते. ही जाती लिनियसने १७५८ मध्ये मॅड्रेपोरा फंजायटिस म्हणून नोंदवली. लामार्कने १८०१ मध्ये फंजिया ही प्रजाती केली. लिनियसने मूळ वर्णन वेगळ्या प्रजातीत केलं होतं, म्हणून आज त्याचं नाव आणि वर्ष कंसात लिहितात: फंजिया फंजायटिस (लिनियस, १७५८). कंस विसरणं ही चूक समजली जाते. पुढे गोल, मोकळ्या, एका तोंडाच्या जवळपास सगळ्या चकत्या फंजियात जमा होत गेल्या. १९०२ मध्ये डोडरलाइन यांनी या प्रजातीवर मोठा प्रबंध लिहिला. १९८९ मध्ये हुक्सेमा यांनी सगळ्या कुलाची फेरमांडणी करून फंजियाचे उपप्रजातींत गट पाडले. २०११ मध्ये गिटेनबर्गर, राइनेन आणि हुक्सेमा यांनी डीएनएच्या आधारे ते गट तपासले आणि फंजिया फुटली. डानाफंजिया, लोबॅक्टिस, प्ल्युरॅक्टिस या स्वतंत्र प्रजाती झाल्या. फंजिया या नावाखाली फक्त फंजायटिस उरली.

त्या फेरमांडणीतली एक गोष्ट या लेखाच्या विषयाशी थेट भिडते. फंजिया रेपांडा ही एकल, मोकळी चकती लिथोफिलॉन या प्रजातीत गेली. त्याआधी लिथोफिलॉन ही खडकाला चिकटून वाढणाऱ्या, अनेक तोंडांच्या वसाहतींची प्रजाती मानली जात होती. म्हणजे एका तोंडाची मोकळी चकती आणि चिकटलेली वसाहत एकाच प्रजातीत बसतात. एकल असणं ही वाढीची पद्धत आहे, वर्गीकरणाची पायरी नाही. पायरी १ मध्ये एकल आहे का ते आपण पाहिलं, पण उतरंडीत त्याला एकाही पातळीशी बांधलं नाही, ते याचमुळे.

पायरी ८: जवळच्या जातींपासून वेगळं काढणं

सर्वांत जास्त गफलत डानाफंजियाशी होते. तिचे दात मोठे, ओबडधोबड आणि अनियमित असतात, आणि काट्यांवर दाणे असतात. लिथोफिलॉन रेपांडाचे पडदे एकसारखे आणि दात इतके बारीक की धार जवळजवळ सपाट वाटते, काटे मात्र बोथट आणि दाणेदार. लोबॅक्टिस स्कुटारिया बहुतेक लंबगोल असते आणि तिचे संस्पर्शक-खंड इतके उंच असतात की लांबूनही ओळखू येते. प्ल्युरॅक्टिस ग्रॅन्युलोझाचे पडदे जाड, किंचित नागमोडी आणि दाणेदार. हेलिओफंजिया सांगाड्याआधी जिवंतपणीच ओळखू येते, कारण तिचे लांब संस्पर्शक दिवसाही बाहेर असतात आणि ती समुद्रफुलासारखी दिसते.

मी नेहमी काटा, दात, भिंत आणि शेवटी आकार या क्रमाने तपासतो. पहिल्या तिन्ही खुणा जुळल्या आणि आकार जुळला नाही तर मी खुणांवर विश्वास ठेवतो. तीनपैकी दोनच जुळल्या तर नाव निश्चित लिहित नाही. नमुना झिजलेला असेल तर प्रजाती आणि जातीच्या नावांमध्ये सीएफ (cf.) ही खूण टाकून थांबतो. त्याचा अर्थ इतकाच की हा नमुना या जातीशी ताडून पाहावा. वर्गीकरणात ही रीत मान्य आहे आणि तिचा संकोच वाटण्याचं कारण नाही.

पायरी ९: चिठ्ठी

नमुना क्रमांक बारीक पेनने खालच्या बाजूला व्रणाजवळ लिहा, काट्यांच्या पट्ट्यावर नको. चिठ्ठीवर ठिकाण, खोली, तारीख, गोळा करणारा आणि तळ कसा होता ते लिहा. चकती मोकळी होती की चिकटलेली, तेही विसरू नका. खाली नाव, आणि नावाच्या शेजारी कोणत्या खुणेवरून ते दिलं ती खूण: ‘काटे शंकूसारखे, गुळगुळीत, दात त्रिकोणी, भिंत सच्छिद्र’. उद्या प्रजातीचं नाव पुन्हा बदललं तरी या तीन ओळी तशाच उपयोगी पडतात. चकती कापसात ठेवू नका, त्याचे तंतू दातांत अडकतात आणि काढताना टोकं मोडतात. मऊ फोम चांगला. डब्यात ठेवण्याआधी खालच्या बाजूचा एक स्वच्छ, तिरप्या उजेडातला फोटो पट्टीसह काढून घ्या. पुढच्या अभ्यासकाला सगळ्यात आधी तोच लागेल.